शुक्रवारी भेटू

आमच्या शेजारचे साहेब निरोप घेत नसत. जर्मनीत हे मोठंच धाडस. इथे बेकरीतून दोन पाव घेतलेला माणूसही च्युस म्हटल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही, दवाखान्यात अनोळखी आजीबाई सगळ्या खोलीचा निरोप घेऊन जातात, आणि ऑफिसात शुक्रवार दुपार झाली की ‘बिस मोन्टाग’चा, म्हणजे ‘सोमवारी भेटू’चा, गजर सुरू होतो. साहेब मात्र उठायचे, टोपी डोक्यावर ठेवायचे, उजवा हात खांद्यापर्यंत वर करायचे आणि चालू लागायचे. माझी लेक ईरा माझ्या मराठीला नेहमी जर्मनमध्ये उत्तर देते. तिने पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, की हे आजोबा चांगले आहेत, पण त्यांना कुणी वळण लावलेलं नाही.

‘साहेब’ हे नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं. त्या सांगलीहून दरवर्षी तीन महिने आमच्याकडे येतात आणि आल्या दिवसापासून गल्लीचा कारभार हातात घेतात. खरं तर साहेबपणाशी या गृहस्थांचा काही संबंध नव्हता. वडील इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात हमाल होते. हे स्वतः ब्रिटिश पलटणीत आचारी म्हणून लागले आणि पुढे कोठाराचे सार्जंट झाले. बायको इथलीच, गिझेला. हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “गोरा, इंग्रज, वर पलटणीतला. मग साहेब नाही तर काय भाऊजी म्हणू?”

आमचं गाव वोल्फ्सबुर्गपासून गाडीने तासाभरावर. माझा नवरा नितीन रोज तिथे मोटारींच्या कारखान्यात जातो. महायुद्धानंतर इंग्रजांची पलटण आमच्या या गावात आली ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. शेवटी गेली तेव्हा तिची क्वार्टर्स भाड्याने निघाली आणि त्यातलं एक आम्हाला मिळालं. सामान लावत होतो तोच साहेब दारात उभे. त्यांनी नाव सांगितलं, हात मिळवला आणि विचारलं, ओव्हन कसा आहे? मला वाटलं, ओव्हन विकायला आलेत. मग कळलं, की पलटणीची रीतच तशी होती. क्वार्टर सोडताना तपासायला माणूस यायचा, दाराच्या वरच्या कडेवर बोट फिरवायचा, ओव्हनमध्ये डोकं घालायचा आणि एवढासा डाग दिसला तरी पुन्हा घासायला लावायचा. पलटण गेली तेव्हा आमच्या घरातल्या ओव्हनमध्ये डोकं घालून गेलेला शेवटचा माणूस म्हणजे हे साहेब. आमचा ओव्हन आपणच घासलाय अशा अभिमानाने ते त्याच्याकडे बघायचे.

“निघणं हाच माझा धंदा,” असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. आधी एडन सोडलं, मग सिंगापूर, मग माल्टा, आणि शेवटी हे गाव. इंग्रजांचं राज्य जिथून जिथून आवरत गेलं तिथून साहेब भांडी मोजून, फरशी पुसून, किल्ल्या देऊन निघाले. इथल्या बराकीच्या किल्ल्या जर्मनांच्या हाती देण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं. तोवर ते पलटणीतून निवृत्त होऊन कोठारात साधी नोकरी करत होते. किल्ल्या दिल्या, सगळे इंग्लंडला गेले आणि साहेब सायकलवर टांग मारून दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी आले. गिझेलाने बटाटे उकडून ठेवले होते. राज्य संपलं त्या दिवशी आपण गरम जेवलो, हे ते मोठ्या समाधानाने सांगत.

नितीनला इतिहासाची खाज. बिअरचा ग्लास पुढे आला की तो साम्राज्याचा हिशेब मागायचा आणि फाळणीपासून सुवेझपर्यंतची सगळी पापं साहेबांच्या पदरात घालायचा. साहेब शांतपणे ऐकून घेत. मध्येच ‘गेनाऊ’ म्हणत, म्हणजे मान्य. एकदा म्हणाले, “साम्राज्य मी पाहिलंच नाही रे. मी आलो तेव्हा जेवणं उरकली होती. मी आलो ते भांडी घासायला. लंडनमध्ये कुणीतरी पैसे नाहीत म्हणून नकाशा गुंडाळायचं, आणि आम्ही इकडे ओव्हन घासायचो. नव्या सरकारला स्वच्छ ओव्हन मिळाला म्हणजे आपलं सगळं माफ, असं बहुतेक त्यांना वाटत असावं.” यावर नितीन उठला. त्याने आणखी बिअर आणली.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला ते न चुकता येत. फराळाकडे फारसं लक्ष नसे. चकली त्यांच्या दातांना झेपत नव्हती. पण सगळे पांगले की त्यांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. खुर्च्या, दिवे, नळ, मोरी. रांगोळीचा एक कण फरशीवर राहू द्यायचे नाहीत. रांगोळी इतक्या मनापासून पुसणारा माणूस पाहून बायकांना वाईटच वाटायचं.

एकदा नितीन मोठ्या प्रवासाला निघाला आणि सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे त्याच्या तळहातावर दही घातलं. साहेब तिथेच चहा घेत बसले होते. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की काम फत्ते व्हावं आणि माणूस सुखरूप परत यावा म्हणून घरची वडील माणसं देतात. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “इतक्या देशांतून निघालो, दही कुणी दिलं नाही.” मी भाषांतर केलं. सासूबाईंचे वडील बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला होते. सासूबाईंनी डोळे वर न करता सांगितलं, “म्हणावं, परत यावं असं कुणाला वाटायला हवं ना.” हेही मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब हसता हसता इतके लाल झाले की त्यांना चष्मा काढावा लागला.

मग साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. सासूबाई आत गेल्यावर त्यांनी मला सलीमची गोष्ट सांगितली. साहेब एडनला गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते. मुदपाकखान्यात सलीम नावाचा तिथलाच माणूस कामाला होता. वयाने मोठा. घरापासून तुटलेल्या या मुलाला तो वेलची घातलेला चहा पाजायचा, हात भाजला की ओरडायचा. निघायची तारीख ठरली, पण ती स्थानिकांना सांगायची नाही असा हुकूम होता. त्या संध्याकाळी घरी जाताना सलीम म्हणाला, शुक्रवारी बायकोच्या हातची रोटी आणतो. साहेबांना ठाऊक होतं, की शुक्रवारी इथे कुणीही नसेल. ते म्हणाले, “शुक्रवारी भेटू.” रात्रभर ओव्हन घासला आणि पहाटे विमानात बसले. “तो रोटी घेऊन आला असणार,” साहेब म्हणाले. “ओव्हन मात्र चकचकीत होता.” त्यानंतर ‘भेटू’ हा शब्द त्यांनी कुणाला दिला नव्हता. ईराचा निकाल मी मनातल्या मनात रद्द केला.

गिझेला गेली आणि वर्षभरात साहेबांचे गुडघे जिन्याला नकार देऊ लागले. मुलगा इंग्लंडात. चांगला मुलगा, त्याने आग्रहाने बोलावलं. साहेबांच्या मनात नव्हतं. “लोक म्हणतात, परत चाललास. मी तिथून पोरगा असताना निघालो. मला ओळखणारं तिथे कोण आहे?” असं म्हणाले आणि मग गावभर आपली निघायची तारीख सांगत सुटले. बेकरीवालीला, पोस्टमनला, ईराच्या शाळेतल्या बाईंना. एडनच्या हुकुमापायी राहिलेली ती कसर ते आता भरून काढत होते. फक्त ‘भेटू’ म्हणत नव्हते. पुन्हा खोटं ठरलं तर, ही भीती होती. आम्हालाही काय बोलावं कळत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला ‘याल हो परत’ असं तोंडदेखलं म्हणणं जिवावर येत होतं.

तो दिवस आला. घराची यूबरगाबे, म्हणजे मालकाच्या ताब्यात देणं, सकाळीच झालं होतं. मालकाने ओव्हन उघडूनही पाहिला नाही, याचा साहेबांना राग आला होता. मुलगा गाडीत बसला होता. साहेब आमच्या दारात आले, टोपी घातली, हात वर केला. तेवढ्यात सासूबाई वाटी-चमचा घेऊन बाहेर आल्या, त्यांचा तो वर झालेला हात धरून खाली ओढला आणि तळहातावर चमचाभर दही घातलं. साहेबांनी दह्याकडे पाहिलं, दुसऱ्या हाताने खिशातला रुमाल काढला आणि तळहात स्वच्छ पुसून टाकला. जन्माची सवय.

“अहो साहेब, पुसता काय? खायचं असतं ते,” सासूबाई म्हणाल्या आणि दुसरा चमचा घातला. साहेबांनी आज्ञाधारकपणे तळहात तोंडाला लावला. त्यांची हनुवटी पांढरी झाली. ज्यांचे वडील इंग्रजांना चले जाव म्हणून तुरुंगात बसले, त्या माझ्या सासूबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “परत या.”

काय म्हणाल्या, असं साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रुमालाने हनुवटी पुसली. मग म्हणाले, “शुक्रवारी नाही जमणार. पण येईन.”

सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. त्या वाटी विसळायला आत गेल्या. मी मात्र गाडी वळणाआड गेली तरी दारातच रडत उभी होते.

साहेब आले. पुढच्या मे महिन्यात, बाजार पांढऱ्या श्पार्गेलने, म्हणजे शतावरीच्या कोंबांनी, भरलेला असताना, काठी टेकत आले आणि ईराच्या खोलीत चार दिवस राहिले. बेकरीवालीला भेटले, गिझेलाच्या थडग्यावर फुलं लावली. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला.

पण मला आठवतात ते त्या मे महिन्यातले. निघायची सकाळ होती. ईराची खोली त्यांनी आरशासारखी करून ठेवली होती. सासूबाई तेव्हा सांगलीला होत्या. साहेबांनी टोपी घातली, आणि हात वर करायच्या ऐवजी दारात थांबून उजवा तळहात माझ्यापुढे धरला. मी दही आणायला धावले.