कूलर स्टँडचा पक्का जोड

त्या उन्हाळ्यापर्यंत मी वेल्डिंग केलेली एकही वस्तू आमच्या घरात आठवडाभर टिकली नव्हती, हे मी नाकारत नाही.

ऑफिसात फायली सरकवणाऱ्या माणसाने वेल्डिंग मशीन कशाला घ्यावी, असा प्रश्न माझ्या बायकोला, सुनंदाला, पडला होता. मला पडला नव्हता. दुकानात एक जडशीळ मशीन होती, उचलायला दोन माणसं लागतील अशी, आणि एक खांद्याला अडकवता येईल अशी इन्व्हर्टरवाली. मी छोटी घेतली. (हा सल्ला माझ्या कमरेचा.)

तिची निगा मी तान्ह्या बाळासारखी राखली. रोज धूळ झटकायची, वायर नीट गुंडाळायची. तरी जोड टिकेनात. चपलांचा रॅक चपला ठेवताच बसला. खुर्चीने तर सासरेबुवा बसेपर्यंतही वाट पाहिली नाही! पण दोष माझा नव्हता, वेल्डिंगचे रॉड सादळले होते. म्हणून मी ते गच्चीवर वाळत घातले, सुनंदाच्या कुरडयांशेजारी, त्याच साडीवर.

"माह्या कुरडयांत हे काहून ठेवले तुम्ही?"

"सादळले ना ते. वाळून राहिले."

"बस झालं आता. विलासले फोन करतो मी. तो रविवारी येऊन घेऊन जाईन मशीन."

विलास म्हणजे सुनंदाचा कुहीला राहणारा भाऊ, माझा साळा. अंगाने दणकट, आणि मशीनवर त्याचा पहिल्या दिवसापासून डोळा.

"मी कूलरचा स्टँड बनवतो," मी म्हणालो. "विलासनं हलवून पाहावं. एक जोड सुटला तर मशीन त्याची."

"आणि नाही सुटला तर?"

"तर माही."

"बनवा मंग," सुनंदा म्हणाली. तिच्या आवाजात काळजी अजिबात नव्हती.

रविवारी सकाळी अंगणात बसलो. लोखंडी अँगल सरळ उभे राहीनात, म्हणून स्टँडचे मागचे दोन पाय गेटला टेकवले, एकेका झडपेला एकेक. वेल्डिंगच्या मुखवट्याच्या काळ्या काचेतून ठिणगीशिवाय काही दिसत नाही. मला दुसरं काही बघायचंही नव्हतं. रॉड खडखडीत वाळलेले, आवाज तर असा की तेलात कुरडई सोडावी. काच वर केली. जोड एकसंध! मला खरोखर भरून आलं.

तेवढ्यात बाहेर विलासची मोटरसायकल थांबली.

"भाऊजी, गेट काहून नाही उघडून राहिलं?"

"लोट ना गा जोरानं."

त्याने लोटलं. खांदा लावला. मग लाथ घातली. आतून सुनंदा ओढू लागली, तिच्या मदतीला मीही गेलो, आणि गेटजवळ वाकल्यावर मला दिसलं. स्टँडचे पाय गेटलाच वेल्ड झाले होते. दोन झडपांचं आता एकच गेट झालं होतं.

मी हळूच ओढणं थांबवलं.

शेवटी विलासने घाम पुसला, वाकून गजांतून आत पाहिलं आणि सगळं त्याच्या लक्षात आलं.

"ताई," तो म्हणाला, "हा जोड काही सुटत नाही वं. मशीन भाऊजीचीच."

सुनंदाने शब्द पाळला. मशीन घरातच राहिली. कटरवाला येईपर्यंत आम्हीही.