सुमनमावशी आणि आभाराची पत्रं

सुमन हिवाळे या बाईंना चर्चमध्ये हसू आवरत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्यांच्या शेजारी बसलेच नसते. मी मुळात चर्चला जाणारी नव्हे. पुण्याहून नोकरीसाठी नॉटिंगहॅमला आले, घर मिळालं ते मावशींच्या भिंतीला भिंत लावून, आणि गाडी घेतली ती लांबलचक एस्टेट. मागची सीट पाडली की तिच्यात बारा खोकी बसतात, हे मावशींनी माझ्याआधी ओळखलं. तेव्हापासून मी त्यांची ड्रायव्हर आहे. नाही म्हणून पाहिलं. पण मावशींना नाही म्हणणं आणि इथल्या नगरपालिकेला, म्हणजे कौन्सिलला फोन लावणं सारखंच. वेळ जातो आणि पदरात काही पडत नाही.

मावशी मूळच्या जालन्याकडच्या. वडील खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे तिथल्या छोट्याशा चर्चचे पाद्री. नर्सिंग शिकून मावशी १९७४ साली इथल्या हॉस्पिटलात आल्या. लग्न झालं, नवरा गेला, रिटायर झाल्या. आता बहात्तर वर्षांच्या आहेत आणि वॉर्डात राउंड घ्यावा तशा गल्लीत फिरतात. कुणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये काय आहे, कुणाच्या दारात कुणाची गाडी रात्रभर उभी होती, सगळं ठाऊक. खोटं बोलत नाहीत, पण खरं कुठून सुरू करायचं ते स्वतः ठरवतात.

त्यांची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे मार्गारेट. त्याच वॉर्डातली सीनियर सिस्टर. या देशात मावशींना पहिल्यांदा जेवायला घरी बोलावलं ते तिनं. तिचा नवरा डेव्हिड कधीचाच गेला. आज ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, दोन काठ्या घेऊन चालते आणि तरीही चर्चचं निम्मं काम तीच करते. आफ्रिकेतल्या मलावीला बायबलं पाठवायची कल्पना तिचीच. त्या देशात डिझेलला दोन-दोन दिवस रांगा, मक्याच्या पिठाचे भाव गगनाला भिडलेले. तिथल्या खेड्यातल्या चर्चला छप्पर असलं तरी पुष्कळ, पुस्तकं कुठून असणार? मार्गारेटनं सगळ्या ओळखीपाळखीच्या लोकांची कपाटं उपसली. लोकांनीही आजीचं, पणजीचं बायबल आनंदानं काढून दिलं. घरात वाचत कुणी नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. गेल्या वर्षी अशी तीनशे बायबलं कंटेनरमधून गेली. गोदामापर्यंत कुणी नेली ते वेगळं सांगायला नको.

यंदा फेब्रुवारीत त्यांचं आभाराचं पत्र आलं. पाठवणारे रेव्हरंड काम्वेंडो, सात खेड्यांतल्या सात चर्चचे मिळून एकच पाद्री. उपासना संपल्यावर पत्र मोठ्यानं वाचलं गेलं. प्रत्येक घरात रोज संध्याकाळी ही पुस्तकं उघडली जातात, मुलं ती हातातून सोडत नाहीत, म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहतात, असं बरंच काही होतं. मार्गारेटनं रुमाल काढून डोळे टिपले. मावशींनीही रुमाल काढला, पण तो तोंडात कोंबला. त्यांचे खांदे गदागदा हलत होते. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. त्यांनी बिचाऱ्यांनी पाठीवर हात ठेवला, तसं मावशींना आणखीच हसू आलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्याच गडबडीत जाहीर झालं की दुसरा कंटेनर पाठवायचा विचार आहे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावर मत घेऊ.

गाडीत बसल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे सीटबेल्ट लावला.

"अगं पोरी, ते पत्र मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे नाही. पण हेच."

मग सगळं बाहेर आलं. त्या दहा वर्षांच्या असताना त्यांच्या गावी दर वर्षी विलायतेहून पेटी यायची. आत इंग्रजी बायबलं. गावात इंग्रजी येणारे दोघेच, एक त्यांचे वडील आणि दुसरे पोस्टमास्तर, तेही पत्ता वाचण्यापुरते. घरातलं एकुलतं एक मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, रेशमी रुमालात गुंडाळून ठेवलेलं असायचं आणि सगळ्या मंडळीला पुरवून पुरवून वापरावं लागायचं. इंग्रजी मात्र ढिगानं. उन्हाळ्यात पापड वाळत घातले की साडी वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार बायबलं. काम झालं की पुसून, कपाळाला लावून परत फळीवर. वडील आभाराचं पत्र लिहायचे आणि अक्षर चांगलं म्हणून सुमन ते उतरवून काढायची. म्हाताऱ्यांच्या आनंदाश्रूंचं वाक्य तिनंच सुचवलेलं. झालं काय, की जितकं गोड पत्र, तितकी पुढच्या वर्षी मोठी पेटी.

"चोराची पावलं चोरालाच ठाऊक," मावशी म्हणाल्या. मग सीटबेल्टचा पट्टा सारखा करत म्हणाल्या, "माझी आजी ते इंग्रजी पुस्तक उलटं धरून बसायची गं. कळत नव्हतं काही. पण देवाचं आहे म्हणून तासभर मांडीवरून खाली ठेवायची नाही." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

आता पेच असा होता. गप्प बसावं तर आणखी तीनशे इंग्रजी बायबलं समुद्रापार जाणार आणि तिथल्या म्हाताऱ्या ती उलटी धरून बसणार. सांगावं तर मार्गारेटची दोन वर्षांची धावपळ पाण्यात गेली असं तिच्या तोंडावर म्हणावं लागणार. पन्नास वर्षांची मैत्रीण. मावशी म्हणाल्या, त्यापेक्षा माझे दात काढून घ्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रावरच्या नंबरवर रेव्हरंड काम्वेंडोंना व्हिडिओ कॉल लावला. फोन धरायला अर्थातच मी. पाद्रीबुवा पासष्टीचे, सुटाबुटात, मागे मातीची भिंत. मावशींनी आधी त्यांची उलटतपासणी घेतली. आजीबाईंना सगळ्यात काय आवडलं? स्तोत्रं? कुठलं स्तोत्र? चष्मा लावून वाचतात की बिनचष्म्याच्या? पाद्रीबुवा सभ्यपणे थापा मारत होते आणि कपाळ पुसत होते. शेवटी मला दया आली आणि मी मावशींना कोपर मारलं. तेव्हा कुठे मावशींनी आपल्या वडिलांची आणि पापडांची गोष्ट सांगितली. पाद्रीबुवा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी खरं सांगितलं.

इंग्रजी वाचणारे तिथे तिघे. तीनशे बायबलं कणगीशेजारी नीट रचून ठेवली होती, उंदीर लागू नयेत म्हणून रोज कुणीतरी राखण करत होतं. चिचेवा, म्हणजे त्यांच्या बोलीतलं बायबल मात्र एकच. ते उसवून त्यांनी सात गावांना सात भाग वाटून दिले होते. एका गावाला लूकचं शुभवर्तमान, एकाला स्तोत्रं. एका गावाच्या वाट्याला गणना आलं, ज्यात कुठल्या कुळात माणसं किती याची मोजदाद चालते. चार वर्षं ते गाव दर रविवारी तेच ऐकत होतं आणि आता अदलाबदल करा म्हणून हटून बसलं होतं.

मावशींनी विचारलं, मग हे कळवत का नाही? पाद्रीबुवा चमकले. म्हणाले, पाहुण्यानं प्रेमानं कोंबडं आणलं तर ते बारीक आहे असं कुणी म्हणतं का?

"मग तुमच्याऐवजी मी म्हणते," मावशी म्हणाल्या. "तुम्ही फक्त उतरवून काढा."

त्या संध्याकाळी माझ्या डायनिंग टेबलावर त्यांनी मला इंग्रजीत पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. दुसऱ्याच्या नावानं पत्र लिहिणं याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात, असं मी म्हटलं. त्यांनी मला उडवून लावलं. सही त्यांची, म्हणणं त्यांचं, धीर तेवढा माझा, म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर पत्र फार सुरेख झालं होतं. मीच दोनदा वाचून तपासलं आणि मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पाद्रीबुवांनी ते वळणदार अक्षरात उतरवलं, कोंबड्या तुमच्या खोक्यांत फार सुखानं अंडी उबवतात अशी पदरची भर घातली आणि फोटो चर्चला पाठवून दिला.

मतदानाच्या रविवारी ते वाचलं गेलं. तुमच्या प्रेमाला आम्ही नाही म्हणू शकलो नाही म्हणून खोटं लिहिलं, क्षमा करा, असं सुरुवातीलाच होतं. कोंबड्यांना लोक मनसोक्त हसले. गणनावाल्या गावाला त्याहून जास्त. आणि मग आलं, "आमच्या बायका पापड वाळत घालताना कापडाच्या कोपऱ्यांवर ही पुस्तकं ठेवतात, आणि त्या कामाला ती उत्तम आहेत."

मी वाकून बुटाची नाडी बांधू लागले. आम्ही दोघींनी ते लिहिलं, मी दोनदा तपासलं, पण मराठी माणसाला पापड कुठे खटकणार? पाद्रीबुवांना वाटलं असणार, असेल काहीतरी इंग्रजांचं. आणि पापडाला पॉपडम म्हणणाऱ्या समोरच्या इंग्रजांना वाटलं, असेल काहीतरी मलावीचं. कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. मत झालं. कंटेनर रद्द, त्या खर्चातून तिथेच चिचेवा बायबलं विकत घ्यायची, सगळे हात वर. मार्गारेटचा हात सगळ्यात आधी. ती बायबलं पुढे मे महिन्यात सातही गावांना पोचली, आणि गणनावाल्या गावानं म्हणे पहिल्याच दिवशी लूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचून काढलं.

पण त्या रविवारी चहा झाल्यावर चर्चच्या किचनमध्ये आम्ही तिघीच होतो. मार्गारेट कप विसळत होती, मावशी पुसत होत्या, मी कपाटात लावत होते.

"सुमन, मलावीत पापड करतात?" मार्गारेटनं मान वर न करता विचारलं.

मावशींनी एक कप दोनदा पुसला. "मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं. आठवडाभर." मार्गारेटनं नळ बंद केला. "आता वेगळंच वाटतंय. पन्नास वर्षं मी तुला काही ना काही देत आले. प्रत्येक वेळी तुझं थँक यू कार्ड आलं. सुरेख अक्षरातलं. त्यातलं खरं किती होतं?"

मावशींनी कप खाली ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"कोट," मावशी म्हणाल्या. "पहिल्या हिवाळ्यातला. तो हवा होता. थंडीनं मी रडायचे आणि कुणाला सांगायची लाज वाटायची. त्या कार्डावर मी लिहिलं त्याच्यापेक्षा जास्त खरं होतं."

"आणि बाकीचं?"

"ख्रिसमस पुडिंग," मावशी म्हणाल्या. "एकदाही खाल्लं नाही. दर वर्षी तळ्यावर जाऊन बदकांना घातलं."

मार्गारेटनं नळ पुन्हा सोडला आणि एक कप विसळला.

"मलाही आवडत नाही ते," ती म्हणाली. "डेव्हिडला आवडायचं. तो गेल्यापासून एकोणीस वर्षं मी फक्त तुझ्यासाठी करते आहे. आदल्या महिन्यापासून तयारी करावी लागते त्याची."

मावशींनी हातातलं फडकं खाली टाकलं आणि मार्गारेटचे ओले हात घट्ट धरले. दोघी हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. उरलेले अकरा कप मी पुसले.