मुकीसमोर कसला पडदा

बायकोला मारताना मोतीराम दार लावून घ्यायचा, पण आपल्या थोरल्या बहिणीला, झुंबरला, कधी बाहेर काढायचा नाही. मुकीसमोर कसला पडदा? तिची जीभ जन्मापासून वळत नव्हती, हातपाय वाकडे. तेवढ्यावरून दिंडोरीकडच्या त्या गावाने तिला अक्कलही नाही असं ठरवून टाकलं होतं. गावाची अक्कल ती तेवढीच. द्राक्षांच्या फवारणीची नळी त्याच्या बायकोच्या, सखुबाईच्या, पाठीवर पडायची, तेव्हा कोपऱ्यातल्या झुंबरला प्रत्येक फटका कळायचा.

२००४ साली नाशिकच्या एका संस्थेतल्या बाईंनी तिला आठ बटणांची बोलती पेटी दिली. लाल बटण दाबून धरून बोललं की आवाज पुढच्या रिकाम्या बटणात भरला जाई. मग त्यावर चित्र चिकटवायचं, आणि ते बटण दाबलं की पेटी तेच बोलायची. ‘तहान लागली’, ‘पोट दुखतंय’ हे सगळं सखुबाईनेच भरलं. स्वतःचं दुखणं मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

सखुबाईला पाचवा महिना लागला तरी नळी थांबली नाही. त्या संध्याकाळी मोतीरामने नळी उगारली, तेव्हा झुंबरने कोपर लाल बटणावर टाकलं आणि तिथेच दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी सखुबाईचा बाप गेणू जीप घेऊन आला. त्याच्या कानावर काहीबाही आलं होतं.

“मामा, तिलाच विचारा,” मोतीराम म्हणाला.

“गोठ्यात पडले,” सखुबाई म्हणाली. सुजलेला डोळा पदराआड होता. पोरगीच नाही म्हणते म्हटल्यावर बाप काय करणार? गेणूने परत निघायला आपली पिशवी उचलली.

झुंबरने कोपराने चित्र नसलेलं, कालपर्यंत रिकामं असलेलं बटण दाबलं. आधी नळीचा सपकारा, मग सखुबाईचाच आवाज आला: “पोटावर नका हो मारू. पोर हाय.”

मोतीरामने पेटी भिंतीवर फोडली आणि झुंबरच्या तोंडावर लाथ घातली. दात तुटला. तोवर गेणूने मुलीचं मनगट धरून तिला बाहेर काढलं होतं.

“आबा, आक्कालाबी घ्या. तो तिला जित्ती नाय ठेवायचा.”

“ती त्याची बहीण, सखू. तिच्यावर आपला काय हक?”

सखुबाई दाराला धरून रडत राहिली. गेणूने तिला ओढून जीपमध्ये बसवलं.

झुंबरला फार भीती वाटली. तरी जीपचा आवाज पार दूर जाईपर्यंत ती रक्त गिळत कान देऊन ऐकत राहिली, आणि वहिनी सुटली म्हणून तिला बरंही वाटलं. मग मोतीराम आत आला आणि त्याने कडी लावली.