उडवलेलं रीळ

"बस चुकली तर सिनेमा गोड लागाचो नाय," असं म्हणून ते दोन बोटांची कात्री करायचे आणि हवेत एकदा चालवायचे. आमच्या गावच्या जुन्या टॉकीजचे ते ऑपरेटर. नाव सांगत नाही. गावात त्यांना ऑपरेटर सोडून दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवतही नाही. तुमच्या गावातही असा एखादा असेल, आणि तुम्हीही त्याची टिंगल केली असेल.

कात्रीचं प्रकरण असं. दुपारचा खेळ तीनला सुरू व्हायचा आणि कट्टा गावाकडे जाणारी बस पावणेसहाला सुटायची. निम्मं थिएटर त्या बसचं. सिनेमा लांब असला की ऑपरेटर एक रीळ लावतच नसत. तेवढीच दहा मिनिटं वाचत. एकदा काढलेलं रीळ संध्याकाळच्या खेळाला परत जोडायचा कंटाळा, त्यामुळे गावानेही तोच कापलेला सिनेमा पाहायचा. गाणं उडवायचं नाही, मारामारी उडवायची नाही, ही त्यांची शिस्त. बळी जायचा तो विनोदी नट. "हसाक व्हया तर सरपंचाक बघा," म्हणायचे.

एकदा दोन भावांचा सिनेमा लागला. त्यातला धाकटा भाऊ मध्यंतरानंतर दिसेनासाच झाला. बसथांब्यावर बायकांनी ऑपरेटरना गाठलं. "धाकट्याचां पुढे काय झालां?"

"तो बोटीर गेलो. येतलो," ऑपरेटर म्हणाले. येतलो, म्हणजे येईल.

दुसऱ्या कुठल्या गावाने टॉकीज डोक्यावर घेतली असती. आमच्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस बोटीवर. गोष्ट अर्ध्यावर असताना माणूस नाहीसा होतो, यात कुणाला वावगं वाटलं नाही.

सगळ्यांत जास्त पटलं ते माझ्या आत्याला. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, आदल्याच वर्षी मालवाहू बोटीवर चढला होता आणि सहा महिने त्याचं पत्र नव्हतं. तिने तो सिनेमा पाच वेळा पाहिला. ऑपरेटर आमच्या शेजारचे. रोज संध्याकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी उभे राहून विचारायचे, "पत्र इलां काय गो?" ती म्हणायची, "नाय. येतलां." एवढंच बोलणं, पण ते चाळीस वर्षं चाललं. बारा वर्षं उलटल्यावर बाबांनी काकाचं क्रियाकर्म काढलं. बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून तो जाळतात, तसं. आत्याने घर डोक्यावर घेतलं. "मी येकटीच म्हणतंय काय? ऑपरेटर पण म्हणतत, येतलो." बाबांनी बेत सोडून दिला. पितृपक्षात काकाचं पान आमच्याकडे कधी वाढलं गेलं नाही.

आता जवळच एक छोटं, गारेगार थिएटर झालंय आणि रविवारी दुपारी तिथे जुने हिंदी सिनेमे लावतात. काय सांगू त्याची मजा! साठी-सत्तरीची माणसं इस्त्रीचे कपडे घालून येतात, नटाच्या आधी संवाद म्हणतात, गाणं लागलं की कवळी सांभाळून शिट्टी मारतात. तिथे मी तो दोन भावांचा सिनेमा पुन्हा पाहिला. आणि मध्यंतरानंतर, जन्मात न पाहिलेली दहा मिनिटं समोर आली. धाकटा भाऊ थोरल्याच्या मांडीवर डोकं ठेवून मेला. अख्खं थिएटर मुसमुसत होतं आणि मी खो खो हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बाजारभर केलं. "ऑपरेटरानू, धाकटो बोटीर न्हय, वर गेलो!" न्हावी त्यांची अर्धी दाढी करून थांबला. "रवांदे एवढीच, बस चुकात." खानावळीत त्यांच्या ताटात भात आला, आमटी आलीच नाही. ती युक्ती माझी. ऑपरेटर बोळकं पसरून आमच्याबरोबर हसायचे. आठवडाभर आम्ही त्यांना सोडलं नाही.

शनिवारी त्यांनी मला एकट्याला गाठलं. "त्या सिनेमाक आत्येक नेव नको रे." मला वाटलं, म्हाताऱ्याला आणखी एक हसणारं माणूस नको आहे. त्या रविवारीही तोच सिनेमा होता; मी त्याच दिवशी दोन तिकिटं काढली.

आत्या नवं लुगडं नेसून आली. पहिल्या गाण्यापासून गुणगुणत होती, आनंदाने माझं मनगट दाबत होती. मग ते रीळ आलं. तिने माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला. परतताना रिक्षात एवढंच विचारलं, "ह्यां पयल्यापासून होतां?"

"होय गो. ऑपरेटरांनी उडवलेलां," मी मजेत सांगितलं.

ती थेट त्यांच्या अंगणात, खळ्यात गेली. मी मागोमाग, गंमत बघायला. "तुमी नेहमी त्या हसवणाऱ्याक काढतास. ह्या सिनेमात तेका ठेवलास आणि माझ्या धाकट्याक काढलास. कित्याक?"

ते उठून उभे राहिले. "तुका तां बघवलां नसतां गो."

"म्हणजे माझो भाव गेलो, ह्यां तुमका तेवाच वाटलेलां." तिचा आवाज चढलाही नाही. "येक तरी माणूस माझ्याबरोबर वाट बघता, असां माका वाटलेलां."

नाही म्हणायला हवं होतं त्यांनी. इतकी वर्षं बेमालूम थाप मारलेल्या माणसाला त्या दिवशी नेमकी एक थाप सुचेना. मी बाजूला उभा होतो. तोंडावर अर्धवट हसू तसंच राहिलेलं, ते कुठे ठेवावं कळेना.

पितृपक्षात आत्याने भटजींना बोलावलं. दर्भ तिने स्वतः निवडून दिले. पुतळ्याला अग्नी मी दिला. ऑपरेटर गडग्यापलीकडे टोपी काढून उभे होते. आत्याने त्यांना पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुढे ते कट्ट्याला भाचीकडे राहायला गेले आणि दोन महिन्यांत तिथेच वारले. मी आत्याला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "बरां," म्हणाली, आणि निवडत राहिली.

तिला थिएटरात चल, असं मी पुन्हा म्हटलं नाही. मी मात्र दर रविवारी जातो. जुने सिनेमे मला अजून तितकेच आवडतात. याची मला लाज वाटते, आणि तिकीट मी शनिवारीच काढून ठेवतो.