खलास म्हणजे ओव्हर

लहानपणी आमच्या वाडीत माडाच्या झावळीच्या देठाची बॅट असायची. चेंडू तिच्या कडेला निसटता लागला, की 'टिक' असा बारीक आवाज व्हायचा. पन्नास वर्षं झाली, तो आवाज कानातून गेलेला नाही. म्हणूनच इथे सौदीत, दम्मामला, आमच्या गावांच्या क्रिकेटमध्ये मला अंपायर केलं असावं. दर शुक्रवारी काहीतरी घडतं, आणि मेसमध्ये चहा ओतताना मला तेच आठवडाभर ऐकावं लागतं. यंदाच्या मोसमातलं थोडं सांगतो.

*

दापोली-मंडणगडकडच्या गावागावाची इथे टीम आहे. मी दाऊदच्या गावचा, आणि दाऊद आमचा कॅप्टन. तरी अंपायर मीच. दुसऱ्या टीमने हरकत घेतली, तेव्हा दाऊद म्हणाला, "चाचा इतके हळू बोलतात, की त्यांना लबाडी करायला वेळच मिळत नाही."

खरं आहे. मी 'नो बॉल' पुरतं म्हणेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असतो. नियम मला एकच पक्का ठाऊक. कोणी अपील केलं, तरच बोट वर करायचं.

*

पहिल्या मॅचला गावाहून नुकताच आलेला एक बॅट्समन होता. सहा चेंडू झाले आणि मी म्हणालो, "खलास." इथे चहा संपला, काम संपलं, ऑफिसची खिडकी बंद झाली, सगळ्याला खलासच म्हणतात. त्याला वाटलं, आपणच खलास. बॅट ठेवून तो गाडीत जाऊन बसला.

स्कोअर लिहिणारा पुण्याचा जोशी इंजिनिअर त्याला आणायला गेला. तर तो बॅट्समन म्हणतो, "अंपायरशी वाद कशाला घालायचा?"

तेव्हापासून मी 'ओव्हर' म्हणतो.

*

एकदा वाळूत गेलेला चेंडू शोधताना फिल्डरला दोन सापडले. गडबडीत त्याने दोन्ही फेकले. एक इकडच्या स्टंपला लागला, एक तिकडच्या. दोन्ही बॅट्समन मध्येच. सगळे माझ्याकडे बघत उभे.

जोशीने एक चेंडू उचलून फिरवून पाहिला. उन्हाने पार पांढरा पडला होता.

"हा गेल्या मोसमातला," तो म्हणाला. "ह्याची विकेट तेव्हाच्या स्कोअरमध्ये धरू."

*

दाऊद तीस वर्षांनी कायमचा गावी निघाला होता. फायनलनंतरच्या मंगळवारचं तिकीट. कप मात्र आम्हाला एकदाही मिळाला नव्हता. त्याची बायको सकीना फोनवर मला म्हणाली, "चाचा, ह्यांच्या कपासाठी कपाटात जागा ठेवलीय. तीस वर्षांत चहाचा कपसुद्धा आला नाही."

दाऊद हसला. पण पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर तो जेवायला थांबला नाही, बॅट घेऊन मैदानावर गेला.

*

फायनल. आमची शेवटची जोडी, दोन चेंडू, तीन रन हवे. समोर दाऊद. वारा जोरात होता.

चेंडू बाहेरून गेला, दाऊदची बॅट फिरली. कीपरने चेंडू धरला आणि बॅट थोडक्यात हुकली म्हणून कपाळावर हात मारला. बॉलर मान खाली घालून परत निघाला. अपील कोणीच केलं नाही.

टिक झालं होतं. मी ऐकलं होतं.

दाऊदने माझ्याकडे बघितलं. माझे हात पाठीमागे होते, ते तिथेच राहिले.

"दाऊदभाई, अजून एक चेंडू आहे," जोशी लांबून ओरडला. "एक चौका, बस!"

दाऊदने बॅट काखेत धरली, टोपी काढली आणि गाड्यांकडे चालू लागला.