आईचं चुकलेलं उत्तर

शनिवार, १५ नोव्हेंबर. दुपारचे तीन. मंजूचं भाषण तपासून मोठ्या अक्षरात उतरवून काढायचंय — चार पानं. मंजू माझी धाकटी बहीण. सतरा वर्षं अमेरिकेत आहे, आईच्या वर्षश्राद्धासाठी आलीय. उद्या दहा वाजता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आईच्या शाळेतल्या मुलींनी — मुली कसल्या, पन्नाशीच्या बायका — तिच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवलाय. साठेक माणसं येतील. मंजू बोलणार आहे.

"ताई, माझं मराठी पार गंजलंय गं. जरा बघून दे. आणि अक्षर मोठं काढ, चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे," म्हणाली आणि आत जाऊन झोपली.

दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर हात थांबला. तिथे लिहिलंय — 'माझ्या बाळंतपणाला आई येऊ शकली नाही. व्हिसाच्या मुलाखतीत तिला एक साधं उत्तर नीट देता आलं नाही. तो राग मी खूप वर्षं मनात ठेवला. आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगते, मी आईला माफ केलं आहे.'

तपासायचं म्हटलं तर त्यात एकही चूक नाही.

म्हणून ते पान बाजूला ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आई अतिदक्षता विभागात होती तेव्हा तिच्या कानातही नाही. मनाशी बोलले असेन असं म्हणावं, तर तेही फारसं नाही. मला कामं असतात. माणूस कामात असला की त्याला कोणी काही विचारत नाही — तो स्वतःसुद्धा.

सुरुवात कुठून करू? मंजूपासूनच करते.

तिचं लग्न सत्त्याण्णव साली झालं. नवरा प्रशांत, संगणकवाला. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक गोंधळणार, अशी तेव्हा हवा होती आणि ते निस्तरायला पुण्यातून पोरं भराभर बाहेर चालली होती. हे मला नीट माहीत आहे, कारण त्यांना पाठवणाऱ्या एका कंपनीत मीच होते. कर्मचारी विभागात. पासपोर्ट, पत्रं, व्हिसाची कागदपत्रं — सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आई सोसायटीत अभिमानाने सांगायची, "आमची सुनीता महिन्याला वीस-वीस पोरं अमेरिकेला पाठवते." जसं काही मीच विमान चालवत होते.

मंजू जिथे गेली ते उत्तरेकडचं, बर्फाचं गाव. तिची पत्रं यायची. मजेशीर लिहायची सुरुवातीला. ओले कपडे गॅलरीत वाळत घातले तर दारावर चिठ्ठी चिकटवली, की असं इथे करत नाहीत. मग खुर्च्यांच्या पाठींवर वाळवायला लागली. 'आमच्या घरी रोज चार खुर्च्या साडी नेसून बसतात,' असं लिहिलं होतं. दूध आणायला पायी निघाली, तर रस्त्याला फुटपाथच नाही. पोलिसांची गाडी शेजारी थांबली आणि विचारलं, बाई, तुम्ही ठीक आहात ना? कोणी चालत असेल तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं, असं ते गाव. तिला नोकरीची परवानगी नाही, गाडी येत नाही. प्रशांत सातला जायचा, सातला यायचा. मधले बारा तास ती आणि खुर्च्या.

हळूहळू पत्रांतली मजा कमी झाली. दिवस राहिल्यावर तर एकच वाक्य असायचं — आई कधी येते?

आई येणारच होती. त्यात प्रश्न काय होता? आपल्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण आई करते. लेक पुण्यात असो नाहीतर बर्फात. आईने डिंक, अळीव, बाळंतशेपा सगळं जुलैतच आणून ठेवलं होतं. बाळाची झबली शिवून झाली होती.

प्रश्न माझा होता.

आई कोथरूडला आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या इमारतीत एकटी राहायची. माझी जुई तेव्हा सहा वर्षांची. साडेबाराला शाळेची बस यायची, ती आई उतरवून घ्यायची. मी संध्याकाळी साडेसातला पोहोचेपर्यंत जुईचं जेवण, झोप, अभ्यास, खेळ — सगळं आईकडे. मला बढती जवळ आली होती. सहा महिने आई नसती तर?

तुम्ही म्हणाल, पाळणाघरं होती. होती की. आमच्या गल्लीत दोन होती, आणि त्यातलं एक चांगलं होतं. सासूबाई साताऱ्याहून यायला तयार होत्या. म्हणजे अडलं असतं असं काही नाही. मग? मग खरं असं, की मंजूसाठी सगळ्यांनी धावायचं, हे मला लहानपणापासून पाठ झालं होतं. आता आईसुद्धा तिकडे जाणार, सहा महिने रमणार, आल्यावर वर्षभर तिथलं सांगत बसणार. मला ते नको होतं. जुई हे कारण मी नंतर लावलं. कारण चांगलं होतं, टिकलंही.

मुलाखतीच्या आधी आठवडाभर लेलेकाकूंनी आईची तालीम घेतली. लेलेकाकू आईच्या वरच्या मजल्यावर. दोनदा अमेरिकेला जाऊन आलेल्या, त्यामुळे सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा. चष्मा नाकाच्या टोकावर ओढून त्या अधिकारी व्हायच्या.

"कशाला जाताय?"

"मुलीच्या बाळंतपणाला," आई म्हणायची.

"झालं! घरी बसा आता. अहो, बाळंतपण हा शब्द काढायचा नाही. फिरायला. नायगारा बघायला. दोन महिन्यांत परत. त्यांना वाटतं, ही माणसं फुकटात आया आणतायत."

"पण मला नायगारा बघायचाच नाहीये हो."

"मग नका बघू! पण म्हणा तरी!"

हसायच्या दोघी. पण आईला ते बोचत होतं. शनिवार पेठेतल्या शाळेत तिने तीस वर्षं मुलींना शिकवलं होतं, आणि काचेपलीकडच्या माणसासमोर उभं राहून थाप मारायची हे तिच्या जिभेवर बसत नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. जुईची वेणी घालताघालता म्हणाली, "सुनीता, तू रोज हेच करतेस. तू सांग, काय म्हणू?"

माझ्या कंपनीत एक कागद होता. पोरं गेली की वर्षभरात त्यांचे आईवडील निघायचे, त्यांच्यासाठी. मराठीत, सोप्या भाषेत, मी स्वतः टाइप केलेला. बाळंतपण किंवा मूल सांभाळणं याचा उल्लेख करू नये, मुक्काम थोडक्यात सांगावा, इथे परतायची कारणं सांगावीत — असं त्यात स्पष्ट होतं. तोवर तो मी चाळीसेक घरांत दिला असेल. माझ्या पर्समध्येही एक प्रत होती.

मी आईला म्हटलं, "खरं ते सांग. तू शिक्षिका आहेस, तुला खोटं बोलता येणार नाही आणि त्यांना ते लगेच कळतं. लेकीच्या बाळंतपणाला चाललेय, सहा महिने राहणार, बाळाचं सगळं मीच बघणार — असं ठामपणे सांग."

एवढंच. आवाज चढवला नाही, कागद लपवला नाही, कुठे खाडाखोड केली नाही. आईला खरं बोलायला सांगितलं. सांगताना मला पक्कं माहीत होतं, की काय होणार.

आई सुटकेने हसली. म्हणाली, "बघ, मला हेच वाटत होतं."

पहाटेच्या एशियाडने आम्ही मुंबईला गेलो. वकिलातीबाहेर मोठी रांग. आत तिला एकटीलाच जायचं होतं. मोतिया रंगाची साडी, हातात फाइल. पाऊण तासाने बाहेर आली तेव्हा पासपोर्टमध्ये नकाराचा छापील कागद खुपसलेला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी सगळं बरोबर बोलले गं. एकही शब्द चुकले नाही."

परतीच्या गाडीत खंडाळा आला. तेव्हा आईने पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर धरला — मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून. मी दोन पोळ्या खाल्ल्या. भूक लागली होती. मला वाईट वाटलं का? त्या दिवशी नाही. त्या दिवशी मला हलकं वाटलं. हे लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आई नेहमीसारखी बसपाशी उभी होती. दोन महिन्यांनी मला बढती मिळाली. तिने पेढे वाटले.

पुन्हा अर्ज करता येत होता. तिने विचारलं. मी म्हटलं, लागोपाठ दोनदा नकार आला की कायमचं बंद करतात. असा काही नियम नव्हता. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्याएवढाही विचार करावा लागला नाही.

मंजूची मुलगी डिसेंबरात झाली. पोट फाडून. प्रशांतला रजा मिळाली तीन दिवस. चौथ्या दिवशी टाके घेऊन ती त्या घरात एकटी. बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते आई फोनवरून सांगत होती — मी तिथेच उभी होते. "पाय लांब कर. आता तिला पालथी घाल पायांवर. मान धर. अगं, घाबरू नकोस, मान धर फक्त." पलीकडून आधी बाळ रडत होतं, मग मंजू. आईने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्यातल्या अळिवाकडे बघत उभी राहिली.

टाके चिघळले. परत दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर मंजू पाच-सहा महिने कोणाशी धड बोललीच नाही. प्रशांत सांगायचा, दिवसभर पडदे लावून बसते. दुसरं मूल तिने होऊ दिलं नाही. फोनवर एकदा आईला सरळ म्हणाली, "लोकांच्या अडाणी आया येतात गं इथे. शाळेत शिकवूनही तुला एवढंसं उत्तर देता आलं नाही?"

आई म्हणाली, "माझंच चुकलं बाळा."

तिने माझं नाव घेतलं नाही. तेव्हा मी समजले, तिला कळलेलंच नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे. त्या समजुतीवर मी तीन वर्षं सुखाने काढली.

मग लेलेकाकूंचा धाकटा मुलगा आमच्या कंपनीतून अमेरिकेला गेला, आणि काकू तिसऱ्यांदा निघाल्या. एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुझा तो कागद काय झकास आहे गं! मी जे सांगत होते तेच! तुझ्या आईलाही दाखवला. दोनदा वाचला त्यांनी. खाली तुझं नाव आणि तारीख बघितली, आणि घडी घालून परत दिला."

त्या संध्याकाळी मी आईकडे गेले तेव्हा ती जुईला पाढे म्हणायला लावत होती. मला म्हणाली, आमटी आहे, घेऊन जा. बाकी काही नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. फक्त एक झालं. त्यानंतर बँकेचा फॉर्म असो, पेन्शनचा दाखला असो, काही विचारायचं असलं की आई जिना चढून लेलेकाकूंकडे जायची. माझ्याकडे कागद घेऊन ती परत कधीच आली नाही. बारा वर्षं. मंजू मात्र दर भारतभेटीत टोमणा मारायची, आणि आई दर वेळी म्हणायची, माझंच चुकलं. मी शेजारी बसलेली असायचे. भाजी निवडत वगैरे.

आता सहा वाजलेत. मंजू उठेल. तिसरं पान अजून उतरवायचंय.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी सातला मंजू चहाला आली. मी चार पानं तिच्यासमोर ठेवली. तिसऱ्यावरचा तो मजकूर गाळलेला होता. तिने लगेच ओळखलं. "हे का काढलंस?"

मी सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी मला म्हणत राहिली, माझंच चुकलं?"

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. पेन घेऊन तिसऱ्या पानाच्या मागे बराच वेळ काहीतरी लिहीत बसली. मी वाचलं नाही. मग मान वर न करता म्हणाली, "ताई, तू आज हॉलवर येऊ नकोस."

"बरं," मी म्हटलं. हॉलची किल्ली वॉचमनकडे आहे, चहावाला साडेदहाला येईल, हार फ्रिजमध्ये आहे, माइकचं बटण मागच्या बाजूला आहे — हे तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. साडेनऊला ती आईचा फोटो घेऊन जिना उतरली.

सव्वादहाला लेलेकाकूंचा फोन आला. "अगं, आहेस कुठे? सगळे आलेत. तुझ्यासाठी खोळंबलोय."

मी म्हटलं, "थांबू नका काकू. सुरू करा."