ताहयात हमीचा चाकू

नवा छाटलेला बोरू खिडकीच्या उजेडात धरायचा, डावा डोळा मिटायचा, मान जराशी कलती करायची आणि म्हणायचं, "बराबर न्हाई." आमच्या मुन्शीजींचा दिवस असा सुरू व्हायचा. बोरू पुन्हा खाली, चाकू पुन्हा हातात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नाइलाजानं लिहायला बसत, पण तोंडातून "बराबर" काही निघत नसे. शाई बराबर न्हाई, चहा बराबर न्हाई, पंख्याची दोरी ओढणारा डुलक्या घेतो ते तर बिलकुल बराबर न्हाई. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, असं मी तेव्हा म्हणालो असतो.

ही गोष्ट निजामी अमलातली, अंबडच्या कचेरीतली. कामकाज सगळं उर्दूत. मुन्शीजी नक्कलनवीस, म्हणजे असल कागदावरून नक्कल उतरवून देणारे. घराणं तिथलंच, जुनं. घरी सोवळं-ओवळं, देवपूजा, आणि कचेरीत उर्दू अशी लिहीत की हैदराबादहून आलेला साहेब कागद हातात घेऊन विचारायचा, हा हात कुणाचा? मी तिशीचा कारकून. मला थोडं इंग्रजी येई, म्हणून त्यांनी माझं नाव 'इंग्रजीवाले' ठेवलं होतं. बापानं ठेवलेलं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

नक्कल झाली की एकानं असल कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नक्कल बघत जायचं, अशी रीत होती. तिला मुकाबला म्हणत. बाकीचे लोक निम्म्यातच "हां हां, झालं" म्हणून सही ठोकत. मुन्शीजींना ते जमायचं नाही. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तर या गृहस्थांनी मला समोर बसवून एकेक पत्रिका वाचायला लावली. मी म्हणालो, "अहो, सगळ्या एकाच ठशाच्या आहेत." तर म्हणाले, "तुम्ही वाचा, इंग्रजीवाले. मुकाबल्याबिगर कागद म्हंजे अफवा." मी पुढची पत्रिका उचलली.

बोरू छाटायला आम्ही सगळे गावच्या लोहाराचा चाकू वापरत होतो. चार आण्याचा. एके वर्षी मुन्शीजी कामानिमित्त हैदराबादला गेले आणि येताना विलायती चाकू घेऊन आले. शिंगाची काळी मूठ, बोटभर पातं, किंमत पाच रुपये कलदार, म्हणजे इंग्रजी नाण्यात. कचेरीत नुसता गहजब! त्यांच्या घरी तर आठ दिवस कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. साहेबांपुढं कागद ठेवणारे आमचे पेशकार म्हणाले, "मुन्शीजी, पाच रुपयांत तलवार येते."

"तलवारीला हा कागद मिळतो का?" असं म्हणून त्यांनी घडी घातलेला एक छापील इंग्रजी कागद माझ्यापुढं टाकला. "वाचा."

मी वाचलं. कंपनी लिहीत होती की पात्यात दोष निघाला तर चाकू आमच्याकडे पाठवा, आम्ही नवा देऊ, आणि ही हमी जन्मभराची आहे. जन्मभराची याला कचेरीच्या भाषेत काय म्हणावं? मी म्हणालो, "ताहयात."

झालं! त्या एका शब्दावर दुपार गेली. ताहयात म्हणजे हयातभर हे सगळ्यांना ठाऊक, पण हयात कुणाची? चाकूची की माणसाची?

"ताहयात इनामात घेणाऱ्याची हयात धरतात," पेशकारांनी निकाल दिला. "तुम्ही गेले की हमी खालसा."

"अन् चाकू आधी गेला तर?"

"तर नवा."

"मंग मला मरायला बिलकुल फुरसत न्हाई," मुन्शीजी म्हणाले आणि चाकू रुमालात गुंडाळून ठेवला.

ही बातमी लोहारापर्यंत पोचायला काय वेळ! दुसऱ्याच दिवशी तो कचेरीच्या आवारात येऊन उभा. "मुन्शीजी, माहा चाकू खराब हाय म्हणून राह्यले म्हणं तुम्ही?" मग लिंबाखाली सामना लागला. बोरूंची मोळी आणली, दोघांनी छाटायला सुरुवात केली, अर्धी कचेरी भोवती. अकराव्या बोरूला लोहाराच्या पात्याला दगड मागावा लागला. विलायती पातं मोळी संपली तरी लोण्यासारखं चालत होतं. लोहारानं ते हातात घेतलं, अंगठा फिरवला. "पातं चांगलं हाय. खोटं कशाला बोलू?" मग म्हणाला, "पण येवढ्या पैशात मी जन्मभर चाकू पुरवले असते. अन् बिघडला तर शिव्या द्यायला मी हितंच हाय. ह्याच्या मालकाला शिव्या द्यायला कुठं जाता?"

"कागद हाय ना."

"मंग कागदाला द्या शिव्या," म्हणून तो हसत गेला. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. आजही मी त्या प्रश्नापाशी अडतो.

चार-पाच वर्षं चाकूनं काही कुरकुर केली नाही. मग मुन्शीजींच्या नकलांत अक्षर फाटायला लागलं. बोरूचं टोक एका झटक्यात तिरपं उडवायचं असतं, त्याला आम्ही कत म्हणत असू. कत चुकली की टोकाला फाटे राहतात, अक्षराच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. एकदा पक्षकारानं नक्कल परत आणली. पुन्हा एकानं आणली. नवे मुन्सफसाहेब तरुण होते, वाईट माणूस नव्हते, पण स्पष्ट होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, असंच चाललं तर मुन्शीजींना दफ्तरखान्यात पाठवावं लागेल, बस्ते बांधायला. पेन्शनीला दीड वर्ष उरलं होतं. ज्या माणसाचा हात हैदराबादेत ओळखत, त्यानं दीड वर्ष गाठोडी बांधायची! आम्ही कुणी वर बघितलं नाही.

मुन्शीजी जागेवर येऊन बसले. उठले. पुन्हा बसले. दौत इकडची तिकडं केली. "पातं फिरलं," ते म्हणाले. "पोलादात खोट निघाली, इंग्रजीवाले. काल पुन्हा धार लावली, तरी बराबर न्हाई."

त्यानंतर त्यांना चैन म्हणून नाही. दिवसातून दहा वेळा पातं उजेडात धरायचे, केस कापून बघायचे, कागद कापून बघायचे. एका दुपारी ते जेवायला घरी गेले असताना मी तो चाकू उचलला आणि एक बोरू छाटला. मला कत मारता येत नव्हती, तरी टोक साफ उडालं. पात्यात काही म्हणता काही खोट नव्हती.

मग मी त्यांच्या हाताकडं बघायला लागलो. बघायला नको होतं. मनगट कागदावर टेकलं की हात निमूट असायचा, पण हवेत उचलला की बोटं थरथरायची. चहाची बशी वाजायची. कत मारताना दोन्ही हात हवेत असतात. हे एवढं मला दिसत होतं, त्यांना दिसत नसेल? मला राग आला, त्यांचा नव्हे, असाच, कुणाचा ते कळत नव्हतं.

"कंपनीला अर्ज करा," त्यांनी मला फर्मावलं. "ताहयात म्हणलंय ना? मी जित्ता हाय."

अर्ज त्यांनी उर्दूत सांगितला, मी इंग्रजीत घातला. फिदवी म्हणजे अर्ज करणारा नम्र सेवक; 'फिदवी मौजूद असून पाते नादुरुस्त झाले आहे' याचं इंग्रजी करताना मला घाम फुटला. चाकू नीट बांधून मुंबईच्या पत्त्यावर गेला. पुढचा दीड महिना मुन्शीजींनी लोहाराच्या चाकूवर काढला आणि बोरू रोज आणखी वाईट होत गेले. टपाल आलं की ते खिडकीपाशी जाऊन उभे राहत. "आलं का?" मी मान हलवायचो. "बराबर न्हाई," म्हणत परत फिरायचे.

एकदाचं पार्सल आलं. सोबत इंग्रजी पत्र होतं. पात्यात कोणताही दोष आढळला नाही, धार लावून आणि घासूनपुसून तोच चाकू परत पाठवत आहोत, हमी पूर्वीसारखीच कायम आहे. एवढंच.

मुन्शीजी माझ्या टेबलाशी उभे. दोन्ही हात टेबलावर टेकवलेले. "काय म्हणते कंपनी?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पत्राकडं बघून वाचायला लागलो. "पात्यात दोष होता, असं लिहिलंय. दिलगिरी कळवलीय. नवा चाकू पाठवलाय."

"लिहून द्या," ते म्हणाले. "तर्जुमा पायजे. फायलीला लावतो."

मग मला ते खोटं उर्दूत, सहीनिशी लिहावं लागलं. तोंडानं बोललेलं हवेत जातं, हे कागदावर बसलं. त्यांनी चाकू उघडला. मुठीच्या खिळ्यापाशी एक बारीक भेग होती आणि तिच्यात वर्षानुवर्षांची शाई मुरलेली होती. घासूनपुसूनही ती गेली नव्हती. माझं लक्ष तेव्हा गेलं. त्यांचा अंगठा त्या भेगेवरून एकदा गेला, परत आला.

"बिलकुल नवा," मुन्शीजी म्हणाले. पत्र आणि तर्जुमा घडी करून त्यांनी खिशात घातला.

दोन दिवसांनी रजेवर गेले. अंगारकी आहे, राजूरच्या गणपतीला जाऊन येतो म्हणाले. आले ते प्रसाद घेऊन, आणि पहिल्यांदाच माझ्या टेबलावर पाच बोरू आणि तो चाकू ठेवला. "नव्या पात्यावर माहा हात बसंना. तुमचा बसतो का बघा जरा."

माझा कसला बसतो! पहिले पाच बोरू मी फुकट घालवले. ते शेजारी उभे राहून सांगायचे, अंगठा वर घ्या, श्वास धरा, घाबरू नका, बोरू हाय, नाग न्हाई. मी छाटायचो, ते उजेडात धरायचे. "बराबर न्हाई." पुन्हा. "बराबर न्हाई." पंधरा दिवसांत त्यातल्या त्यात बऱ्या बोरूंनी ते लिहायला लागले आणि अक्षर पुन्हा ठिकाणावर आलं. मनगट कागदावर, हात निमूट. मुन्सफसाहेबांनी एकदा नक्कल बघून मान डोलावली आणि दफ्तरखान्याचा विषय बंद झाला.

सव्वा वर्ष रोज सकाळी मी त्यांचे बोरू छाटले. रोज "हात बसंना" हे कारण ते द्यायचे आणि मी "बसेल हळूहळू" म्हणायचो. पण माझा जीव ठिकाणावर नसायचा. यांना कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाहीत? नसेल कळलं तर उद्या कळेल, आणि मग काय तोंड दाखवू? त्यांनी "इंग्रजीवाले" अशी हाक मारली की मला वाटायचं, आता विचारतात. कधीच विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एकच बोरू छाटून घेतला. उजेडात धरला, डावा डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बराबर."

मी इतका दचकलो की पेशकार हसले. मुन्शीजींनी चाकू माझ्या हातात ठेवला. "हा आता तुमच्याकडं. ताहयात."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"ते तुम्ही अन् चाकू, दोघं बघा," म्हणाले आणि उपरणं झटकून निघाले. ते तीर्थपुरीला मुलीकडं राहायला गेले. तीन वर्षांनी त्यांचा जावई कचेरीत आला. मुन्शीजी गेल्याचं त्यानं सांगितलं आणि एक लहान बस्ता माझ्यापुढं ठेवला. "मामा म्हणले होते, हे इंग्रजीवाल्यांना द्या. तुम्हीच ना?"

मी हो म्हणालो. त्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

बस्त्यात तो हमीचा छापील कागद होता, कंपनीचं पत्र होतं आणि माझा तर्जुमा. तर्जुम्याच्या तळाशी, नक्कलनवीस जिथं शेरा मारतो तिथं, त्यांच्या हातच्या उर्दूत एक ओळ होती: असल कागदाशी मुकाबला केला, इंग्रजी स्टेशनमास्तरांकडून वाचून घेऊन, मुकाम जालना. खाली तारीख. ती अंगारकीची होती. राजूरची वाट जालन्यावरूनच जाते, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही!

त्या ओळीखाली, कचेरीत ज्या लिपीत ते कधी लिहीत नसत त्या साध्या बाळबोधीत, दोन शब्द होते. "बराबर न्हाई."

म्हणजे पहिला बोरू माझ्या टेबलावर ठेवला त्या सकाळी त्यांना सगळं ठाऊक होतं. सव्वा वर्ष ते माझं खोटं खिशात घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि मला कत शिकवत राहिले. मी जावयासमोर रडलो. लाज वाटली नाही.

पाच रुपये जास्त होते का, हे मला अजून सांगता येत नाही. कचेरीत आता सगळे टाकानं लिहितात, बोरू कुणाला लागत नाही. तरी मी अधूनमधून एखादा आणतो आणि त्या चाकूनं छाटतो. पातं अजून साफ चालतं. अलीकडं माझीच बोटं जराशी हलतात. बोरू खिडकीपाशी नेऊन मी डावा डोळा मिटतो आणि कुणी काही बोलतं का याची वाट बघत थोडा वेळ तसाच उभा राहतो.